रस्सा बायाईच्या वाट्याले

अमरावतीच्या एका सायन्स कॉलेजात माया तायडे बावीस वर्षांपासून काचा धुते. काचा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या पट्ट्या. हजेरीपटात तिचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं आहे, पोरंपोरी तिला मायाताई म्हणतात, आणि तिला स्वतःला विचारलं तर ती म्हणते, "मी शेवायाची माय आहो."

शेवाय म्हणजे शेवाळ. वऱ्हाडातल्या जिभेला त्या ळ साठी उलटी कोलांटी मारायची गरज वाटत नाही. तळ्याचं तयं, डोळ्याचा डोया, शेवाळाचं शेवाय. कोणाला ते अडाणी वाटत असेल तर खुशाल वाटो, मायाचं काम त्यावाचून अडलेलं नाही.

नवरा धर्मपाल पातूरकडचा, याच कॉलेजात परिचर होता. मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागेवर माया लागली. दहावी पास, हाताला सवय नाही, पहिल्याच दिवशी दोन चंचुपात्रं फोडली. तेव्हाचे विभागप्रमुख अकोल्याचे बापूसाहेब रोज रेल्वेनं येणंजाणं करायचे. त्यांनी कपाटातून दोन नवी काढून दिली. महिनाभरानं मायानंच त्यांना विचारलं, "सर, दिवसभर या नळीत डोया घालून तुमी पाहता तरी काय?"

बापूसाहेब खुर्चीवरून उठले. "तूच बघ. लाव डोळा."

तिनं लावला. डबक्यातल्या थेंबाभर पाण्यात हिरवी जत्रा भरलेली. "माय वं! हे तं पयून राह्यलं!"

त्या दिवसापासून काच धुवायच्या आधी ती एकदा बघूनच धुवायची. लॅटिन नावं जिभेवर टिकेनात, म्हणून तिनं आपली ठेवली. गोल गोळे ते 'लाडू'. लांब हिरवे धागे ते 'सुतडे'. आणि मण्याला मणी लागून झालेली, जराशी गुंडाळलेली माळ, जिच्यात मधूनच एक मोठा फिक्कट मणी येतो, ती 'पोत'. बाया गळ्यात घालतात ती पोत. बापूसाहेब आधी हसले. मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्वतःच हाक मारायला लागले, "मायाबाई, तुमची पोत आणा बरं एक काच."

दोन वर्षांपूर्वी विभागात श्रावणी मॅडम आल्या. रत्नागिरीकडच्या. सोबत खाऱ्या पाण्याच्या चाळीस बाटल्या घेऊन आल्या, प्रत्येक बाटलीत समुद्रातलं शेवाळ. बाटल्यांना बारा तास उजेड द्यायचा, बारा तास अंधार, आणि रोज हळूच हलवायच्या. हे काम मायाकडे आलं. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "मायाताई, या कप्प्यातल्या बाटल्या हातमोजे घालूनच धरायच्या."

"काहून? चावते का?"

"चावत नाही. पण विष करते."

मायानं काच घेतली, बघितलं. एकेकटी पेशी, अंगाला दोन शेपट्या, स्वतःभोवती गरगर फिरत पुढे जाणारी. तिनं तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं, 'भिंगरी'.

भिंगरी विष कशी करते हे समजून घ्यायला मायाला आठवडा लागला. मॅडमनी आधी फळ्यावर काढून दाखवलं, ते काही शिरलं नाही. मग मायानंच आपल्या बाजूनं धरलं. उन्हाळ्यात बाया कुरडया घालतात. एकीनं गहू भिजवायचा, दुसरीनं वाटायचा, तिसरीनं चीक गाळायचा, चौथीनं शिजवायचा, पाचवीनं सोऱ्या फिरवायचा. एकटीच्यानं कुरडई होत नाही आणि एक बाई उठून गेली की सगळं राहतं. भिंगरीच्या पोटात तशीच रांग बसलेली असते. गव्हाच्या जागी आर्जिनिन नावाचं एक द्रव्य, प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतलंच. रांगेतलं एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला एकेक जोड देतं, एकेक वळण देतं, आणि शेवटी जे वेटोळं बाहेर पडतं ते सॅक्सिटॉक्सिन.

"बरोबर समजलं का मी?" मायानं विचारलं.

मॅडमनी फळा पुसून टाकला. "मी पुढच्या वर्षी मुलांना असंच शिकवणार आहे."

"अन् करते काहून पन? तिचं काय बिघडवलं कोनी?"

"ते अजून कोणालाच धड माहीत नाही."

पुढचं मायाला लगेच समजलं. समुद्रातले शिंपले दिवसभर पाणी आत घेतात, गाळतात, बाहेर सोडतात. भिंगऱ्या पोटात राहतात. शिंपल्याला काही होत नाही, पण विष साठत जातं. तो शिंपला माणसानं खाल्ला की आधी ओठांना मुंग्या, मग जीभ जड, मग हातपाय, आणि फारच झालं तर श्वास. कारण आपल्या नसांतून निरोप जातो तो मिठाच्या जोरावर. नसेला बारीक दारं असतात, त्यातून मीठ आत शिरलं की निरोप पुढे सरकतो. हे विष नेमकं त्या दारात खुंटी ठोकून बसतं. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या बाईला मीठ कळायला वेळ लागत नाही. तिच्या गावच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही असं.

ते गाव म्हणजे कुंडखेड. माया चार वर्षांची असताना तिची माय गेली आणि तिला वाढवलं ते चतुराबाई आत्यानं. चतुराबाईला ना मूल ना बाळ, आता वय सत्तरीच्या घरात. गावाच्या तयात कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपायचा, शिंपला लागला की बुडी मारून काढायचा. त्यावर तिनं स्वतःचं पोट भरलं आणि मायाची दहावी केली. तिच्या हातचा शिंपल्यांचा रस्सा पंचक्रोशीत ठाऊक. कोणाकडे पाहुणे आले की निरोप यायचा, चतुराबाईले बलावा.

भादव्यात, पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील, मायाला दुसऱ्याच कोणाच्या फोनवरून आत्याचा फोन आला.

"माये, मले तयावर जाऊ देत नाई आता."

"कोन नाई देत?"

"सारं गावच. म्हन्ते, मी बायाईले जहर घातलं."

रविवारी पहिल्या गाडीनं माया कुंडखेडला उतरली. आत्याच्या दारात सरपण तसंच पडलेलं, चूल थंड. शेजारणीनं पाण्याचा हंडाही उचलून दिला नव्हता. झालं ते असं.

माजी पोलीस पाटील पंजाबरावांकडे पाहुणे आले होते. नेहमीप्रमाणे चतुराबाईला बोलावणं गेलं. तिनं टोपलीभर शिंपले आणले, चिंच घालून, लाल तिखटाचा हात सैल सोडून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रस्सा केला. आधी गड्यांची पंगत बसली, अकरा जण. जेवता जेवता एकदोघांचे ओठ झिणझिणले. पंजाबराव भुरका मारून म्हणाले, "काय जहाल केला वं चतुरे! ओठ उडाले पार!" सगळे हसले. ती खुशीत. मग बायांची पंगत, त्याही अकरा. तासाभरात एकेक बाई आडवी. जीभ लुळी, हात उचलेना. पंजाबरावांची बायको सुभद्रा हिला तर श्वास घेता येईना, अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस प्राणवायू लावून ठेवावं लागलं. वाचल्या सगळ्या. चतुराबाई वाढणारी, म्हणून शेवटी जेवणार होती, तिच्या तोंडात घासही गेला नव्हता.

दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा कागदावर डॉक्टरनं लिहून दिलं, 'अन्नातून विषबाधा'. पुस्तकातला शब्द. पण गावानं त्या एका शब्दाचे दोन तुकडे केले आणि आपसात वाटून घेतले. अर्ध्यांनी 'विष' घेतलं, म्हणजे म्हातारीनं काहीतरी कालवलं. अर्ध्यांनी 'बाधा' घेतली, म्हणजे म्हातारीनं काहीतरी करणी केली. आठ दिवस आधी घाटावर कपडे धुण्यावरून तिचं आणि सुभद्राचं वाजलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पंजाबराव पारावर बसून बोटावर मोजून सांगत होते. "गडी अकरा जेवले, धड राह्यले. बाया पडल्या. एकाच गंजातलं अन्न. मंग बायाच काहून पडल्या? बायाईच्याच ताटात पडलं ना काई? वाढत कोन होतं?"

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येणार होता. चतुराबाईला तयावर कायमची बंदी, आणि ठाण्यात तक्रार.

"आत्या, पान्यावर काई होतं का त्या दिशी?"

"साय होती हिरवी. हातानं सारली बाजूले. साय तं दरसाली येते वं. यंदा जाड होती."

मायाच्या डोक्यात भिंगरी गरगरली. ओठांना मुंग्या, जीभ जड, श्वास. लक्षण तंतोतंत तेच. तिनं पिशवीतून आणलेल्या बाटल्या काढल्या, कॉलेजचे हातमोजे चढवले, गुडघाभर पाण्यात उतरून एकीत ती साय भरली आणि डझनभर शिंपले काढले. पारावरून पंजाबरावांनी हाक दिली, "माया, पुरावा धुवाले आली का?"

"न्याले आली काका. धुनं तं मी कॉलेजात करतोच."

सोमवारी तिनं बाटली टेबलावर ठेवली. बाटलीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'कुंडखेडच्या तयातलं शेवाय'. श्रावणी मॅडमनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "शेवया? मायाताई, शेवया बाटलीत कशाला आणल्यात?"

"शेवया नाई मॅडम. शेवाय. जे तुमी बारा तास उजेडात ठेवता ते."

मग तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "लक्षणं जुळतात, मान्य. पण ही समुद्रातली गोष्ट आहे. भातकुलीत कुठला समुद्र?"

"एकदा पाहू तं द्या."

मायानं स्वतः काच केली, स्वतः डोळा लावला. एक काच, दुसरी, पाचवी. भिंगरी कुठेच नाही. दोन शेपट्यांचं काही म्हणजे काही नाही. नुसत्या पोतीच पोती, एकीत एक अडकलेल्या, बावीस वर्षं बघितलेल्या. तिनं खुर्ची मागे सारली. "नाई मॅडम. पोत हाय नुसती."

"पोत?" मॅडम वाकल्या. बराच वेळ नळीतून डोळा काढेनात. "किती दाट आहे हे! मायाताई, थांबा. मी एक मूर्खपणा केला."

मॅडम लॅपटॉपवर बसल्या, जुने शोधनिबंध उघडले. सॅक्सिटॉक्सिन समुद्रातल्या भिंगऱ्या करतात हे त्या रोज शिकवत होत्या. पण गोड्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळांच्या काही जातीही नेमकं तेच विष करतात, हे त्यांनी एम.एस्सी.ला एका रात्रीत पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरून टाकलं होतं. तोच आर्जिनिनचा गहू, तशीच विकरांची रांग, तीच कुरडई. आणि गोड्या पाण्यातले शिंपलेही ते विष पोटात साठवतात.

"म्हंजे माही पोतही विष करते?"

"सगळ्याच नाही करत. काही करतात. डोळ्यानं बघून सांगता येत नाही, तपासावं लागतं."

मॅडमकडे कोकणातले शिंपले तपासायच्या पट्ट्या होत्या, उरलेल्या चारच. एक त्यांनी त्याच दुपारी वापरली. शिंपल्याचा गर खलात वाटला, गाळला, थेंब टाकले. ताज्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माल साफ. विष असलं तर दुसरी रेघ उमटतच नाही. पस्तीस मिनिटं दोघी पट्टीकडे बघत बसल्या. एकच रेघ आली.

मायानं टेबलावर हात आपटला. "आत्या सुटली!"

"सुटली नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचे ते काका विचारतील, मग पुरुष का पडले नाहीत?"

माया तो प्रश्न घेऊनच घरी गेली. मंगळवारी प्रयोगशाळेत बाटल्या उकळायला ठेवल्या होत्या, तेव्हा मॅडम सहज म्हणाल्या की हे विष उकळून मरत नाही. पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलं की शिंपल्यातून निघून पाण्यात उतरतं. माया उभ्या उभ्या थबकली.

"पान्यात म्हंजे रस्स्यात?"

"हो, रस्सा म्हणा."

माया खाली बसली. आणि हसायलाच लागली. मॅडमना काही कळेना.

"मॅडम, तुमी आमच्याकडं कदी पंगतीत बसल्या नाई. फोडी गड्याईले. बाया बसतेत तवा गंजात उरते काय? रस्सा. भाकर चुरायची अन् रस्सा वरपायचा. माहा जलम गेला तसाच."

फोडी म्हणजे शिजलेले शिंपले. पुढचे चार दिवस संध्याकाळच्या गाडीनं माया कुंडखेडला जाऊन पंगतीत जेवलेल्या प्रत्येकाच्या घरी गेली. वहीत तीन रकाने आखले, नाव, काय खाल्लं, काय झालं. लोक दार लावून घ्यायचे, ती ओट्यावर बसून राहायची. पण हिशेब जुळता जुळेना. दोन नावं आडवी येत होती. गड्यांतला चंद्रभान पडला होता, पारावरच्या मोजणीत पंजाबरावांनी त्याला गाळलं होतं. आणि बायांतली गीतांजली, पंजाबरावांची धाकटी सून, पडली नव्हती. सून तर मायाला बघून आतच पळाली.

दोन ऑक्टोबरला शाळेच्या ओसरीवर सगळं गाव. माया श्रावणी मॅडमना घेऊन आली होती, खांद्यावर सूक्ष्मदर्शकाची पेटी. मधोमध तिनं तीन विटांची चूल मांडली आणि आत्याला हाताला धरून आणून बसवलं. लोक कुजबुजले.

"हे काय?" पंजाबराव उठले. "इथं ठराव हाय. सैपाक नाई."

"काका, तुमी म्हनता हात वाईट. मी म्हन्तो तयं वाईट. पाहून घेऊ. हात एकच, चूल एकच, गंज एकाच दुकानातले दोन, पानी शायेच्या नळाचं. एका गंजात वलगावच्या तयातले शिंपले, तिथं साय नाई. दुसऱ्यात आपल्या." 

"अन् खाईन कोन? तू?"

"कोनीच नाई. हे पट्टी खाईन."

चूल पेटली आणि चतुराबाईचे हात आपोआप चालायला लागले. मीठ नाही, मिरची नाही, नुसतं पाणी आणि शिंपले, वर तिनं सवयीनं चिंचेला हात घातला तो मायानं धरला. खळखळून उकळी आली. तीन पट्ट्या तीन बशांत. एकीवर वलगावच्या शिंपल्यांचं पाणी, एकीवर कुंडखेडच्या शिंपल्यांचं पाणी, तिसरीवर कुंडखेडच्याच शिजलेल्या फोडी वाटून काढलेला रस.

"पस्तीस मिनिटं," मॅडम म्हणाल्या, आणि लोकांना समजवायला उभ्या राहिल्या. दोन वाक्यांत 'जैवसंश्लेषण' आलं आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं जांभई दिली. माया पुढे झाली. तिनं कुरडया सांगितल्या. गहू कोण, चीक कोण, सोऱ्या कोणाच्या हातात. बाया माना हलवायला लागल्या. मग एकेकीला तिनं नळीपाशी आणून डोळा लावायला लावला. पहिलीच बाई ओरडली, "बाप्पा! हे तं माही पोतच हाय! तुटून पडली तयात?" ओसरीभर हशा पिकला.

"आता मले सांगा," माया म्हणाली, वही उघडून, "त्या दिशी कोनी काय खाल्लं. खरं बोला, पट्टी शिजून राह्यली."

गड्यांपैकी एकेक उठला. फोडी, फोडी, फोडी. रस्सा थोडा. "ओठाले मुंग्या आल्त्या?" हो, आल्या होत्या, पण ते तिखटानं असं वाटलं. बाया उठल्या. रस्सा, रस्सा. फोड एखादी, तीही नाही.

"चंद्रभानदादा, तुमी गडी. तुमी कसे पडले?"

चंद्रभान उठला आणि तोंड उघडून दाखवलं. आत एक दात नाही. "फोड चावू कशानं, माया? दोन वाट्या रस्सा पेलो, भाकर बुडवून." लोक खदखदून हसले.

"हसू नका," माया म्हणाली. "हाच माहा मोठा साक्षीदार हाय." मग थांबून म्हणाली, "एकच नाव राह्यलं. गीतांजली."

सून पदराआडून उठेना. पंजाबराव तडकले, "सुनेचं नाव भर सभेत काहून घेते तू? थे पडली नाई, देवाची किरपा."

"देवाची नाई, मामंजी." गीतांजली उभी राहिली. कान लाल झालेले. "मी गड्याईची पंगत बसाच्या आंदी चुलीजवळ उभं राहून फोडी खाल्ल्या. सात." तिनं बोटं दाखवली. "मंग भूकच नव्हती. रस्सा घेतलाच नाई."

"सात!" मागून कोणीतरी म्हणालं. "तरीच मले तीनच आल्त्या!"

हशा असा उसळला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सुभद्रा, जिचा श्वास गेला होता ती, सुनेकडे बघून पोट धरून हसत होती. हसू आवरलं तेव्हा पंजाबराव एकटेच उभे होते.

"असंन," ते म्हणाले. "पन चिंच घातलती तिनं. चिंचेनं जहर मरते, उकळीनं मरते. हे तं लहान पोरगं सांगीन."

"उकळीनं मरत नाही, काका," मॅडम म्हणाल्या, "आणि आंबटात तर जास्तच टिकतं."

"कागदावर तं सरकारी डॉक्टरनं लिवलं ना, विषबाधा? मी नाई म्हनत!"

"कागद बरोबर हाय काका," माया म्हणाली. "वाचनारा चुकला. पट्टी पाहा, झाली वेळ."

पंजाबराव वाकले. बघितलं. आणि छाती काढून सरळ झाले. "घ्या! वलगावच्यात दोन रेघा! कुंडखेडच्यात एक! म्हंजे जहर वलगावच्यात हाय. आपलं तयं साफ! मंग हात कोनाचा?"

बायांमध्ये जी हसण्याची लाट आली ती पुढच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत गेली. सुभद्रानं नवऱ्याला ओढून खाली बसवलं. "बसा जी गुपचूप. दोन रेघा म्हंजे दिवस गेले, थे पट्टी येगळी. हे जहराची हाय."

मायानं तिन्ही बशा उचलून रांगेरांगेतून फिरवल्या. वलगावचं पाणी, दोन रेघा, साफ. कुंडखेडचा रस्सा, एकच रेघ, ठसठशीत. आणि कुंडखेडच्या फोडी, दुसरी रेघ आहे पण अगदी पुसट, डोळा बारीक केल्याशिवाय दिसत नाही. विषाचा मोठा वाटा पाण्यात उतरून गेलेला. हात तोच. चूल तीच.

"आत्यानं सगयाईले सारखंच वाढलं," माया म्हणाली. "वाटनी आपन केली. फोडी एकीकडं, रस्सा एकीकडं. शंभर वर्सांपासून. जहरानं फक्त आपली पंगत मोजून दाखवली."

मग चंद्रभान बिनदातांच्या तोंडानं म्हणाला, "मंग ठराव लिवा ना. बसले काय?"

ठराव लिहिला गेला, पण दुसराच. चतुराबाईवरचा आळ खोटा. पाण्याची साय ओसरेस्तोवर तयातले शिंपले कोणी काढू नयेत, आणि काढायचे तेव्हा चतुराबाईनं बघून हो म्हटल्यावरच काढावेत. तयाच्या उतारावरच्या वावरांनी खताचं पाणी आत सोडू नये, कारण ती साय त्याच खतावर माजते. सगळ्यात आधी सही सुभद्रानं केली. पंजाबरावांचा अंगठा नव्हे, मोठी वळणदार सही शेवटी आली.

महिन्याभरानं मॅडमनी कोकणातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचा निकाल आला. आकड्यांनिशी तेच. त्यावर जो शोधनिबंध गेला त्यात श्रावणी मॅडमच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे, माया धर्मपाल तायडे. प्राचार्यांनी विचारलं, परिचराचं नाव कसं काय? मॅडम म्हणाल्या, "कारण प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, मी फक्त पट्ट्या पुरवल्या." अकोल्याहून बापूसाहेबांचा फोन आला, आवाज बारीक झालेला. "मायाबाई, पोत जगभर पोचली की." माया म्हणाली, "हो जी सर. काचा धुवाच्या राह्यल्या, ठेवतो फोन."

जानेवारीत थंडी पडली, तयाचं पाणी निवळलं, तळाचा चिखल दिसायला लागला. मायानं नव्यानं मागवलेली पट्टी नेऊन तपासली. दोन रेघा. चतुराबाई साडीचा काष्टा मारून पाण्यात उतरली, अंगठ्यानं चाचपत चाचपत मधोमध गेली, आणि टोपली भरून आणली. या वेळी बोलावणं सुभद्रानंच पाठवलं होतं. चिंच, लाल तिखट, हात सैल.

पहिली पंगत बायांची बसली. सुभद्रा, गीतांजली, माया, श्रावणी मॅडम, आणि ज्या ज्या त्या दिवशी आडव्या झाल्या होत्या त्या सगळ्या. चतुराबाई वाढत होती, तिला सुभद्रानं हात धरून खाली बसवलं आणि पळी आपल्या हातात घेतली. फोडी फोडी झाल्या. गीतांजलीनं उघड्यावर बसून दहा खाल्ल्या आणि सासूनं मोजल्या.

मग गडी बसले. पंजाबरावांनी ताट ओढलं, गंजात डोकावून पाहिलं.

"फोडी कुठी गेल्या?"

"सरल्या," चतुराबाई म्हणाली, आणि पळीभर लालभडक रस्सा त्यांच्या भाकरीवर ओतला.

ते ताटाकडे बघत राहिले. हात पुढे जाईना. सगळी ओसरी त्या हाताकडे बघत होती.

"खा जी," चतुराबाई म्हणाली. "दोन रेघा आल्या."

पंजाबरावांनी भाकर कुस्करली, घास तोंडात घातला, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर भुरका मारला.

"ओठ उडाले का?" सुभद्रानं विचारलं.

"उडाले," ते म्हणाले. "तिखटानंच उडाले. वाढ वं चतुरे अजून."